कटांगाच्या नकाशातली मोकळी पट्टी

इलुंगाने पुलावाच्या पातेल्यात डाव घातला, एवढंच. वहिनींनी ते पातेलं उचललं, आत नेलं आणि दुसरं आणून ठेवलं.

जपानमधल्या फुनाबोरीतल्या हॉलमध्ये मराठी मंडळींचा रविवारचा कार्यक्रम होता. सगळे ज्यांना वहिनी म्हणतात, त्या त्याच्या प्रमुख. मुलांना एखाद्या दूरच्या प्रदेशाची माहिती दे, असं त्यांनीच मला सांगितलेलं. मी इथल्या विद्यापीठात भूगोलात संशोधन करते. काँगोच्या दक्षिणेतला जुना कटांगा प्रांत हा माझा विषय. इलुंगा लॅबमधला सहकारी, जन्म तिथलाच. त्याचे आजोबा तांब्याच्या खाणीत होते. म्हणून त्याला सोबत आणलं होतं.

मी वहिनींच्या मागे आत गेले. त्या हळूच म्हणाल्या, "हे लोक काय काय खातात, कुणाला माहीत. तू आपल्यातली, म्हणून सांगते."

आपल्यातली.

माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून काही कळत नाही. तीन वर्षांत इथे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सोपं होतं ते.

आठवीत असताना मैत्रिणीच्या घरी माझा लोणच्याच्या बरणीला हात लागला होता. तिची आई हसून म्हणाली, "ने गं, सगळीच ने." मी वाटेत बोटं चाटत, खुशीत घरी आले. आईने बरणी बघितली. मागे जाऊन उकिरड्यावर पालथी केली. का, ते मला कळलं तेव्हा तोंडात चव तशीच होती.

जेवणानंतर माझी पाळी आली. ठरलेलं सगळं सांगितलं. पठार. पाऊस संपला की भट्ट्या लावणारी गावं. तांबं वितळवून क्रूसाच्या आकारात ओतणारे कारागीर. मग बेल्जियमचे लोक आले आणि खाणी त्यांच्या झाल्या. शेवटी तिथल्या शहराचा जुना नकाशा लावला. एका बाजूला गोऱ्यांची घरं, दुसऱ्या बाजूला काळ्यांची. मध्ये रिकामी जमीन.

वहिनींच्या मुलीने विचारलं, "व्हाय इज इट एम्प्टी?"

"गोरे म्हणायचे, काळ्यांच्या वस्तीतून रोग येतो. म्हणून मध्ये कुणी राहायचं नाही."

पुढची स्लाइड लावायची होती. मी लावली नाही.

"माझ्या गावातही अशी जागा आहे. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे आमची वस्ती. आम्ही बौद्ध. पूर्वीचे महार."

वहिनी उभ्या राहिल्या. "मुलांसमोर हे कशाला?"

"मुलांसमोरच. मघाशी पातेलं का बदललंत, तेही सांगा त्यांना."

मुलगी आईकडे बघत राहिली.

स्टेशनकडे चालताना इलुंगाला मी सगळं जपानीत सांगितलं. तो म्हणाला, "पातेल्याचं मला तेव्हाच कळलं होतं. पण तू तीन वर्षं गप्प का होतीस?"



मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. एकीने फोन करून सुचवलं, वहिनींची माफी माग, विषय संपेल.

मागणार नाही. विषय संपू देणार नाही. शेजारच्या उरायासुच्या मराठी मंडळींनी पुढच्या महिन्यात कटांगावर बोलायला बोलावलंय. इलुंगा येतोय. मी आधी माझी जात सांगणार, मग नकाशा लावणार. ज्याला ऐकवणार नाही त्याने उठून जावं. मी पूर्ण बोलूनच खाली बसेन.