शपथेवर कबूल केलेली चूक

माझे सीनिअर वकील नागोजीअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या जिन्यात होते. त्यांची मुलगी सुमा म्हणाली, "अक्का, अण्णा सकाळी गेले. पेपर वाचता वाचताच." माझ्या कामाचा पुकारा व्हायचा होता. मी आत गेले, तारीख घेतली आणि मग रिक्षा करून जयनगरला त्यांच्या घरी पोचले. याला आता पाच आठवडे झाले. त्यांच्यावर लिहायला सांगणाऱ्यांना त्यांनी जिंकलेल्या मोठ्या खटल्यांविषयी वाचायची अपेक्षा असावी. तसे खटले पुष्कळ आहेत, आणि ते सांगणारेही पुष्कळ आहेत. मला सांगायचं आहे ते त्यांनी हरलेल्या एका खटल्याबद्दल.

मी लग्न होऊन पुण्याहून बंगळुरूला आले, तेव्हा माझ्याकडे वकिलीची पदवी होती आणि कन्नडचा एक शब्द नव्हता. अण्णांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, पण तिच्यात निम्मं कन्नड विरघळलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मराठी तुझी पुस्तकातली आहे, चांगली आहे. पण कन्नड शिकली नाहीस तर अशील तुला खरं सांगणार नाही. सरी?" सरी म्हणजे 'ठीक?' हे अंदाजानं ओळखून मी मान हलवली. त्यानंतर चौदा वर्षं मी त्यांची ज्युनिअर होते. माणूस प्रेमळ वगैरे नव्हता. चूक झाली की सगळ्यांसमोर बोलत, आणि कौतुक करायची वेळ आली की फाईल उघडून बसत.

मुनिराजूचा खटला मी त्यांच्याकडे लागल्यानंतर दोनेक वर्षांनी आला. होसकोट्याच्या एका कारखान्यात तो कंत्राटी कामगार होता. त्याच्या घरमालकाचा चाकूनं भोसकून खून झाला होता. आदल्या दिवशी भाड्यावरून दोघांचं भांडण झालेलं, खोलीत मुनिराजूचा रक्ताचे डाग पडलेला शर्ट सापडलेला, आणि त्याच्या उजव्या तळव्यावर ताजी जखम. चाकू निसटून स्वतःलाच लागला, असं सरकारपक्षाचं म्हणणं. मुनिराजू सांगत होता की हात कारखान्यात पत्र्यानं कापला आणि रक्त त्याचंच आहे. रक्तगट दोघांचा एकच निघाला, त्यामुळे त्या शर्टावरून काहीच ठरेना. अण्णांनी साक्षीदारांची उलटतपासणी उत्तम घेतली, निदान मला तेव्हा तसं वाटलं. मुनिराजूला जन्मठेप झाली. अण्णांनी उच्च न्यायालयात अपील दाखल केलं आणि ते वर्षानुवर्षं पडून राहिलं.

मुनिराजूची बहीण गौरम्मा दर दोन-तीन महिन्यांनी ऑफिसात यायची, बाकावर बसायची, तारीख विचारून जायची. मुनिराजूच्या तुरुंगवासाच्या पाचव्या वर्षी ती आली ती हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही घेऊन. कारखान्यात प्रथमोपचार करणारे परमशिवय्या निवृत्त होऊन होसकोट्यातच राहत होते. ती विचारत विचारत त्यांच्यापर्यंत पोचली होती. कंत्राटी कामगारांच्या जखमा कंपनी आपल्या रजिस्टरमध्ये लिहीत नसे, म्हणून परमशिवय्या स्वतःच्या वहीत लिहून ठेवत. खुनाच्या दिवशीच्या पानावर मुनिराजूचं नाव होतं. दुपारची वेळ होती. उजवा तळवा, पत्र्यानं कापला, पट्टी बांधली. खून झाला होता संध्याकाळी. अण्णांनी ते पान बराच वेळ पाहिलं. मग गौरम्माला विचारलं, "हा माणूस शोधायला किती दिवस लागले?"

"दोन रविवार, सार," ती म्हणाली.

अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत. खटल्यात राहिलेली उणीव मागाहून भरून काढायला ती वाट नाही, असं न्यायालयं पुन्हापुन्हा सांगतात. न्यायासाठी तो पुरावा गरजेचा वाटला तरच परवानगी मिळते, आणि पहिला प्रश्न असतो तो हा, की खटल्याच्या वेळी तो का आणला नाही. अर्जाचा मसुदा मी केला. त्यात नेहमीचं वाक्य टाकलं, की योग्य ती दक्षता घेऊनही सदर पुरावा त्या वेळी उपलब्ध होऊ शकला नाही. अण्णांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"दक्षता कुणी घेतली?"

"अण्णा, असंच लिहितात."

"लिहितात, ठाऊक आहे. घेतली कुणी, ते विचारतोय."

त्यांनी कपाटातून जुनी फाईल काढली. त्यात त्यांनी कंपनीला पाठवलेल्या एका पत्राची प्रत होती... एकाच. त्याला उत्तर आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र हातानं लिहून माझ्यापुढे ठेवलं. त्यात होतं: आरोपीनं जखमेचं कारण पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी एक पत्र पाठवलं, स्मरणपत्र पाठवलं नाही, कारखान्यात गेलो नाही, न्यायालयामार्फत कागद मागवले नाहीत. ही चूक माझी आहे, आरोपीची नाही. ते वाचून माझ्या मनात आधी आलं ते हे, की आता नवी कामं यायची थांबणार. तसं मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "थांबतील." आणि त्या अपिलातून आपलं वकीलपत्र काढून घ्यायचा अर्ज टाईप करायला सांगितला. जो शपथेवर सांगतो त्याला तीच बाजू मांडता येत नाही. बाजू मांडायची होती मला.

अशिलाशी झालेलं बोलणं त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, म्हणून आम्ही तुरुंगात गेलो. मुनिराजूचे केस पिकले होते. अण्णांनी ते प्रतिज्ञापत्र त्याला कन्नडमध्ये, एकेक वाक्य थांबून, वाचून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं, संमतीच्या कागदावर सही केली, पेन परत दिलं. अण्णा म्हणाले, "मुनिराजू, माझं चुकलं." तो म्हणाला, "सार, हे तुम्हाला तेव्हा मी सांगतच होतो." एवढंच. आवाज चढलेला नव्हता.

सुनावणीत सरकारी वकिलांनी अपेक्षित तेच मांडलं. "वकील निष्काळजी होता असं उद्या प्रत्येक अपिलात म्हणतील," असं न्यायमूर्तीही म्हणाले. मी म्हणाले, "म्हणतील, माय लॉर्ड. पण दोष स्वतःवर घेऊन शपथेवर लिहून देणारे किती असतील?" न्यायमूर्तींनी प्रतिज्ञापत्राचं पान पुन्हा उलटलं. अण्णा मागच्या रांगेत बसले होते, काळा कोट न घालता. अर्ज मंजूर झाला. परमशिवय्यांची साक्ष सत्र न्यायालयानं नोंदवून पाठवावी, असा आदेश निघाला. तिथं सरकारी वकिलांनी त्यांची तासभर उलटतपासणी घेतली. खासगी वही आहे, केव्हाही लिहिता येते, वगैरे. परमशिवय्यांनी शांतपणे त्याच पानावरची पुढची ओळ दाखवली. त्याच दुपारी एका कायम कामगाराचं बोट चिरडलं होतं, आणि तो अपघात कंपनीच्या रजिस्टरमध्येही त्याच तारखेला होता. मुनिराजूची वरची ओळ मागाहून घुसवायला तिथं जागाच नव्हती.

पुढे आठ महिन्यांनी मुनिराजू निर्दोष सुटला. सहा वर्षं आणि काही महिने तो आत होता.

बाहेर मात्र मी म्हटलं होतं तसंच झालं. "कशाला लिहून दिलंत, असं कुणी लिहितं का?" असं अण्णांचे जुने स्नेही तोंडावर म्हणाले, आणि पाठीमागे म्हणाले की म्हातारा आता थकला. दोन मोठे अशील दुसरीकडे गेले. अण्णांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, की आपण काही मोठं केलं असंही कधी सुचवलं नाही. एकदाच, एका नव्या वकिलानं त्या गोष्टीसाठी त्यांना नमस्कार केला, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "माणूस सहा वर्षं आत होता रे. नमस्कार कसला करतोस!" एक बदल मात्र झाला. त्यानंतर त्यांनी कागदावर विसंबून एकही खटला चालवला नाही. गुडघे दुखत असले तरी प्रत्येक ठिकाणी स्वतः जायचे, साक्षीदार जिथं उभा होता तिथं उभे राहायचे. मी कंटाळले की म्हणायचे, "स्वल्प थांब. बघून घेऊ या."

अण्णांच्या तेराव्याला गौरम्मा आली होती, पानात वाढलेलं सगळं जेवली आणि सुमाचा हात धरून बसली. मुनिराजू आला नाही. तो येईल असं मला वाटलंही नव्हतं, आणि अण्णांनाही वाटलं नसतं.

मागच्या आठवड्यात एका हल्ल्याच्या खटल्यासाठी मी यशवंतपूरच्या घाऊक बाजारात गेले. हल्ला झाला त्या दुकानासमोरच्या गाळ्याच्या पायरीवरून आपण आरोपीचा चेहरा पाहिला, असं साक्षीदार सांगतो. आरोपी माझा अशील आहे. मधे पोत्यांची थप्पी असते, तिथून काही दिसूच शकत नाही, असं त्यानं मला सांगितलं होतं. फायलीत नकाशा होता, फोटो होते. मी कांद्याच्या पोत्यांतून वाट काढत त्या पायरीवर जाऊन उभी राहिले. दुकानदारानं विचारलं, "काय पाहिजे, मॅडम?" म्हटलं, "काही नाही, इथून काय दिसतं ते बघतेय." थप्पी होती, पण ती डाव्या हाताला. समोरचं दार स्वच्छ दिसत होतं, आत कोण उभं आहे तेही. मी वही काढली आणि तसं लिहून घेतलं.