डीपीची राखण

आयटीआय झाल्यावर वीज कंपनीत अ‍ॅप्रेंटिस म्हणून माझा नंबर लागला, तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, गावभर पेढे वाटले. आमची पोरगी लाइटीच्या ऑफिसात लागली, हे ते औशाच्या बाजारातसुद्धा सांगून आले. मला मिळालं काय, तर डीपीची, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरची, राखण.

ज्या लाइनमनच्या हाताखाली मला दिलं होतं, ते निवृत्तीला आले होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं आत वळलेली होती आणि त्यांवरची कातडी मेणासारखी गुळगुळीत. कशानं, ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांची एक रीत होती. खांबावर चढण्याआधी लाइन बंद करायला ते डीपीच्या पेटीतले चिनीमातीचे तिन्ही फ्यूज काढून माझ्या ओंजळीत ठेवायचे आणि मला पेटीपाशी बसवायचे.

"म्या सोताच्या पायानं येऊन मागीन, तवाच द्यायचे. फोनवर न्हाई, कुणाच्या सांगण्यावर न्हाई."

मला संताप यायचा. माझ्याबरोबरची पोरं खांबावर चढत होती आणि मी बांधावर बसून मुंग्या बघत होते. पोरगी म्हणून बसवतात, असं मी एकदा तोंडावर बोलूनही दाखवलं. आधी बसायला शीक, म्हणाले. बाकी शिकवायला त्यांनी हात आखडला नाही, हेही खरं. डीपीच्या घुमण्यावरून लोड ओळखायला, तारेचा ताण हाताला कळायला मी त्यांच्याकडेच शिकले. गल्लीतल्या बायका मीटर जळालं की आता माझ्याकडे येत. तेवढ्यापुरती मी खूश असायचे, आणि सकाळी पुन्हा बांधावर.

आमच्याकडे फ्यूज उडाला तर वायरमनची वाट कुणी बघत नाही. मोटारीच्या प्रत्येक खोलीत अल्युमिनियमच्या तारेचा तुकडा असतो. पायात रबरी चप्पल घालायची, पेटी उघडायची, तार टाकायची, मोटार सुरू. यात आपण काही वावगं करतोय असं कुणाच्या मनातही येत नाही. फक्त एक गोष्ट सगळे आधी बघतात. डीपीजवळच्या लिंबाखाली लाइनमनची गाडी आहे का? गाडी असली तर काम चालू, गाडी गेली तर काम झालं. यावर सगळ्यांचा ठाम विश्वास.

त्या दिवशी काम आमच्याच गावच्या डीपीवर होतं. उन्हाळी भुईमूग पाण्याला आला होता आणि त्या आठवड्यात मोटारीला लागणारी थ्री फेज वीज फक्त सकाळची. मामा उसापलीकडच्या खांबावर गेले. पेटीपासून तो खांब दिसत नव्हता. पुढच्या कामाला एक क्लॅम्प कमी पडत होता, म्हणून त्यांनी बरोबरच्या हेल्परला आपली गाडी देऊन मुरुडला पिटाळलं. गाडी रस्त्याला लागलेली मी पाहिली, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

थोड्या वेळानं तात्या बांधावरून येताना दिसले. एका हातात पक्कड, दुसऱ्यात तारेचं वेटोळं.

"लाइनमन गेला की. गाडी जाताना म्या सोता पाह्यली."

मामा वर आहेत, गाडी हेल्परनं नेलीय, असं मी सांगितलं. तात्या हसले. मग हाक मार, म्हणाले. मी मारली. वाऱ्यानं ऊस सळसळत होता, उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मामांचा फोन तर माझ्याच पिशवीत होता, वर जाताना ते कधी नेत नसत. मामा खरंच मागच्या वाटेनं निघून गेले असतील का, असंही क्षणभर वाटून गेलं.

तात्या पुढे सरकले. फ्यूजच्या जागी ती तार टाकली, की मामांच्या हातातली लाइन चालू. घरात मी त्यांच्यासमोर कधी उलट बोलले नव्हते. मी पेटीचं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून खाली बसले. वयात आलेल्या पुतणीच्या अंगाला ते हात लावणार नाहीत, एवढंच माझ्या बाजूनं होतं. शेजारच्या शेतातली माणसंही येऊन मागं उभी राहिली.

"ऊठ बाई. लोक बघायलेत."

आवाज चढवला नाही त्यांनी. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"मामा आल्याबगर न्हाई उठणार, तात्या."

ते माझ्याकडे बघत बघत पकडीनं तारेचं टोक खरवडत राहिले. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग उसातून मामा आले, खांद्यावर पट्टा. त्यांनी तारेकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं आणि माझ्यापुढं हात पसरला. माझी ओंजळ उघडेना. त्यांनीच एकेक बोट सोडवून फ्यूज काढून घेतले. तात्यांनी तार खिशात घातली आणि बांधावरून चालू लागले.

परत येताना मामा म्हणाले, "उद्यापून तू वर. म्या बसतो." ज्याची इतके महिने वाट पाहिली ते मिळालं, आणि मला जराही आनंद झाला नाही.

आता मामा निवृत्त झालेत आणि तीच लाइन माझ्याकडे आहे. माझ्या हाताखाली एक नवा पोरगा दिलाय. पेटीपाशी बसायचा त्याला कंटाळा येतो. वरून बघावं तर मान मोबाइलमध्ये. ऊस वाढला की तोही दिसत नाही.

तात्या माझ्याशी नीट बोलतात. तो विषय आमच्यात कधी निघाला नाही. यंदा येळवसेला, वेळा अमावास्येला, त्यांच्या शेतात जेवायला गेले होते. हात धुवायला बादली हवी होती, म्हणून मोटारीच्या खोलीत शिरले. स्टार्टरशेजारी खिळ्याला ते वेटोळं टांगलेलं होतं, नीट गुंडाळून. दोन्ही टोकं नुकतीच खरवडलेली, चकचकीत.

बाहेर तात्या सगळ्यांना आग्रह करकरून आंबील वाढत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लाइनवर मला चढायचं होतं.