रिसालदारांनी मटण सोडलं

जेवण झाल्यावर, साबणाने हात धुतल्यावरही ते उजव्या हाताची बोटं नाकाशी नेत, डोळे मिटत आणि समाधानाने म्हणत, "अजून आहे."

हा कार्यक्रम दर रविवारी दुपारी ग्वाल्हेरला, शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीत, त्यांच्या दारातल्या खाटेवर होई. मटणाचा वास बोटांवर टिकला तर रस्सा साधला, नाही टिकला तर खाटकाने फसवलं, असा त्यांचा हिशेब. तुमच्याही शेजारात असा एखादा खवय्या असेल. आमच्या खवय्याला सगळी गल्ली 'रिसालदार' म्हणे, आणि तो हुद्दा खरा होता. संस्थानच्या घोडदळात त्यांची उमर गेली होती. संस्थान विलीन झालं तेव्हा तरुण शिपायांना भारतीय सैन्यात घेतलं आणि यांना पेन्शन देऊन घरी बसवलं. बायको आधीच वारली होती, एकुलता मुलगा फौजेत, लांब कुठेतरी. स्वयंपाक ते स्वतः करत.

"रियासत विलीन झाली, भाऊ," ते मला सांगत, "माझा रविवार नाही होणार."

त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच होती. रविवार उजाडला की माझी आई त्या बाजूची खिडकी घट्ट लावून घेई आणि उदबत्ती पेटवी. पलीकडून आवाज येई, "काकू, बस पाच मिनिटं! दम देतोय."

"त्यांना सांग, पाच मिनिटं म्हणजे दोन तास नव्हेत," आई मला म्हणे, आणि ते इतक्या मोठ्याने म्हणे की मला सांगायला जावं लागत नसे.

पुढे मध्य भारत हे राज्यही मोडलं. नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि माझ्यासारखे सचिवालयातले कारकून फायलींच्या मागोमाग तिकडे रवाना झाले. तिथे घरं मिळत नव्हती; एका खोलीत आम्ही चौघे राहायचो. माझं लग्न व्हायचं होतं, वडील नव्हते, म्हणजे ग्वाल्हेरला आई एकटीच. पण ती यायला तयार नव्हती.

"बदली तुझी झालीय," ती म्हणाली, "माझी नाही."

रिसालदारांनी माझी ट्रंक टांग्यात चढवली. "बेफिकीर जा. मी आहे पहाऱ्यावर," ते म्हणाले. दर आठवड्याला त्यांचं कार्ड येई. मजकूर एकच: 'काकू ठीक. आपण ठीक असावे.'

तीन महिन्यांनी रजा घेऊन आलो तो रविवार होता. आईची खिडकी सताड उघडी. उदबत्ती नाही. पलीकडून वास येत होता तो दुधीचा. मी घाबरून शेजारी गेलो.

"तब्येत बरी आहे ना?"

"पित्त," रिसालदार म्हणाले. "वैद्यांनी मना केलंय."

"किती दिवस?"

"आता पाहू." एवढं बोलून ते दुधीकडे वळले.

त्यांची ही नवी मोहीम बाजारात गाजत होती. खाटकाने म्हणे गल्लीत माणूस पाठवून ते हयात आहेत ना, याची चौकशी केली होती. भाजीवाली तर त्यांना पाहून कपाळावर हात मारी. ते भोपळा उचलून म्हणत, "मांडीकडचा भाग दे." दुधी घेताना, "जनावर फार वयाचं नाही ना?" गिलकीला, म्हणजे घोसाळ्याला, त्यांनी गरम मसाल्यात रात्रभर मुरवलं आणि सकाळी तिचं नुसतं पाणी झालं. मग आई भिंतीपलीकडून सूचना देऊ लागली, "अहो, दुधीला दम देत नाहीत! मीठ, जिरं, संपलं!"

"काकू, मग त्यात मर्दानगी काय राहिली?"

एकदा जुन्या रिसाल्यातल्या सोबत्याच्या मुलीचं लग्न होतं. रिसालदार पंगतीत पुरी आणि चटणी खाऊन उठले आणि मटणाच्या देगचीजवळ जाऊन उभे राहिले. अर्धा तास उभे होते. सोबत्यांनी खूप चिडवलं. हे म्हणाले, "वैद्यांनी खायचं मना केलंय. हुंगायचं नाही."

मीही भोपाळच्या खोलीत या गोष्टी मीठमसाला लावून सांगत असे. आम्ही चौघे पोट धरून हसत असू.

पुढच्या खेपेला मी आईसमोरही त्यांच्या पित्ताची थट्टा सुरू केली. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"पित्तबित्त काही नाही त्यांना," ती म्हणाली. "तू गेलास त्या महिन्यात मला ताप आला होता."

मला हे कोणी कळवलं नव्हतं. आई सांगत गेली. हिवताप. चौथ्या दिवशी उठून चूल पेटवण्याचंही त्राण राहिलं नाही. रिसालदारांनी गोरखी भागातून एक स्वयंपाकीणबाई आणली, ती एक दिवस येऊन पुन्हा फिरकली नाही. मग ते स्वतः भाताची पेज करून घेऊन आले. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती जातीचंही पाहणारी. पण तापात ती अट तिने मनातल्या मनात गाळली होती. मटणाची काही गाळता येईना.

"तुमच्या भांड्यात ते शिजतं हो," ती म्हणाली. "माझ्या घशाखाली उतरणार नाही."

ते पेज घेऊन परत गेले. दुपारी भंगारवाल्याला बोलावून देगची, पातेली, झारे, सगळं देऊन टाकलं. बाजारातून नवं पितळी पातेलं आणलं, अंघोळ केली आणि ओल्या केसांनी पुन्हा उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"बंद केलं, काकू."

"आजच्यापुरतं?"

"नाही. बंद म्हणजे बंद. आता घ्या."

आईने वाटी घेतली. "खारट होती," ती मला म्हणाली. "पण सगळी प्यायले."

मी तसाच शेजारी गेलो. मला कळवलं का नाही, म्हणून भांडणार होतो. "कळवलं असतं तर नोकरी टाकून आला असतात," ते म्हणाले. "आणि काकूंनी आपल्याला दोघांनाही माफ केलं नसतं." मग गडबडीने म्हणाले, "आणि खरंच, थोडं पित्तही आहे."

आई पुढे सात वर्षं जगली. मधे तिनेच एकदा त्यांना सांगितलं, "आता मी बरी आहे. तुम्ही खात जा हो. मी खिडकी लावून घेईन."

"काकू, एवढ्या मेहनतीने दुधी जमायला लागला," ते म्हणाले, "आता कुठे सोडू?"

आईचे दिवस झाल्यावर मीच चाचरत विषय काढला. आता त्यांना कोणाचं बंधन नव्हतं. त्यांनी तोंड उघडून दाखवलं. मागची एकही दाढ शिल्लक नव्हती. "पण हे गल्लीत सांगू नका," ते म्हणाले. "लोक अजून मला साधुपुरुष समजतात."

नंतर मुलगा त्यांना जबलपूरला घेऊन गेला. कार्डं विरळ झाली आणि थांबली. एक दिवस मुलाचं पत्र आलं. रिसालदार गेले होते. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, त्याने लिहिलं होतं, पण ताट पुढे ठेवलं की ते घास हातात धरून विचारत, "काकू जेवल्या का?" उत्तर मिळेपर्यंत खात नसत. 'आमच्या घरात काकू म्हणून कोणी नाही. आपण ग्वाल्हेरचे, म्हणून विचारतो. त्या कोण?'

मी कार्ड घेऊन बसलो. 'माझी आई,' एवढं लिहिलं. मग खाली लिहिलं, 'जेवल्या होत्या.'