तुडतुड्याचा शेवटचा भाग

कामाची वाटणी साहेबांनी पहिल्याच दिवशी करून दिली होती. डोकं, पंख आणि पाय माझे. शेवटचा भाग त्यांचा.

बोलणं तुडतुड्यांबद्दल चाललं होतं. भाताच्या खाचरातून चालताना पोटरीचा धक्का लागला की हिरवे ठिपके टणाटण उडतात, ते हे. तांदळाच्या दाण्याहून आखूड, पाचरीसारखी पाठ, पंखांची टोकं काळी. अलिबागला आमची सरकारी कचेरी होती आणि तिच्या मागच्या खोलीत साहेब तुडतुड्यांच्या एका प्रजातीची वर्गवारी लावत होते. प्रजाती म्हणजे एक घराणं. त्यात जाती किती आणि कुठली कशावरून ओळखायची, ते ठरवायचं. मी लग्नानंतर पदवी घेऊन नुकतीच नोकरीला लागले होते. बाटल्यांना क्रम, लेबलांना जागा, रोजच्या कामाची यादी सकाळीच फळ्यावर, असा माझा स्वभाव. साहेबांना तो मानवला.

आमच्या किनाऱ्यावर या घराण्यातल्या दोन जाती आहेत, असं साहेब कितीतरी वर्षं म्हणत आले होते. भात कापलं की काही तुडतुडे बांधावरच्या गवतात राहायला जातात आणि काही साफ नाहीसे होतात. मग ते एकच कसे असतील? पण पुण्याच्या वरिष्ठांनी दोनदा त्यांचा कागद परत पाठवला होता. डोक्यावरची काळी रेघ एकाची ठळक, एकाची पुसट, हे खरं. पण मधल्या सगळ्या छटाही सापडत होत्या. पंखावरच्या ठिपक्यांचं तसंच. रंगावर जात ठरत नाही, असा शेरा. आता साहेबांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्याआधी निकाल लावायचा होता, आणि तो लागणार होता फक्त नराच्या शेवटच्या भागावरून; पोटाच्या टोकातला तो अवयव जातीगणिक वेगळा असतो.

नमुन्यांसाठी आम्ही बरंच हिंडलो. आगरदांड्याच्या खाडीकाठी मी जाळं फिरवत होते तेव्हा बांधावर टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाय, ह्या जाल्यात कोलंबी न्हाय गावायची."

"कोलंबी नको, तुडतुडे हवेत."

"ते कालवणात घालतंस?"

"नाही हो, त्यांची तपासणी करायची."

"आमच्या भाताची नासाडी करतान, आनि सरकार त्यांची तब्येत बघतंय!" असं म्हणून ती इतकी हसली की टोपली कलंडली. बोर्ली पंचतनच्या बाजारात तर आमच्या बाटल्या बघून एकाने विचारलं, ताई, यातलं थोडं मिळेल का? दारूबंदीचे दिवस होते आणि आमच्या बाटल्यांत स्पिरिट होतं.

माझी पंखांची चित्रं पुरी झाली. साहेबांचं काम मात्र पुढे सरकेना. ते मायक्रोस्कोपला डोळा लावत, उठत, भिंग काढून पुसत, पुन्हा बसत. खाऱ्या हवेने भिंगाला बुरशी धरते, हे खरंच. मीही पुसून देत असे. शेवटी त्यांनी काढलेली चित्रं समोर आली. खाचरातला नर आणि गवतातला नर, दोघांचा अवयव सारखाच होता, एक गुळगुळीत दांडा. साहेब चित्रांकडे बघत बसले आणि म्हणाले, "एकच म्हणायची. संपलं." आवाजात काही नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी टेबलावरचा चष्मा पुसला नाही, सुया धुतल्या नाहीत, आणि टोपी विसरून घरी गेले.

घर म्हणजे कचेरीला लागूनच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, चहा घेऊन आल्या तेव्हा साहेब पुन्हा भिंग पुसत होते.

"झिजेल की हो ते," काकू म्हणाल्या.

"बुरशी आहे."

"बुरशी डोळ्यात आहे. काल पापड समजून पत्रावळीची कड मोडत होता."

"मोतीबिंदू पिकलेला नाही अजून. डॉक्टरच म्हणाले, थांबा."

"तुम्ही थांबा. काम हिला द्या."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. "ते काम बाईंना देण्यासारखं नाही."

"का? विषारी आहे?"

"तसं नव्हे. नराचं... म्हणजे... तो जरा..."

काकूंना उलगडा व्हायला वेळ लागला नाही. "अहो, हिला दोन मुलं आहेत! आणि तुम्ही त्या किड्याची अब्रू सांभाळत बसलाय?"

मी लेबलं कापत होते. हसू दाबताना कात्री वाकडी गेली. साहेबांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी गवतातल्या नरांची बाटली उचलली आणि माझ्या टेबलावर ठेवली, माझ्याकडे न बघता.

कृती मला पाठ होती. ऐकून ऐकून झाली होती. सुईने पोटाचं टोक अलगद सोडवायचं. कॉस्टिकच्या पाण्यात कोमट करायचं म्हणजे आतलं मांस विरघळतं आणि फक्त कठीण भाग उरतो. धुवायचं, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचं. मोहरीशेजारी ठेवलं तरी दिसणार नाही एवढा तो तुकडा. मी मायक्रोस्कोपचा आरसा उजेडाकडे वळवला आणि डोळा लावला.

आधी दोन पातळ पाकळ्या दिसल्या, मधासारख्या रंगाच्या. सुईने त्या बाजूला केल्या. आत दांडा होता, पण गुळगुळीत नव्हता. त्याच्या दोन्ही कडांना दाते होते, माडाच्या झावळीसारखे समोरासमोर लावलेले, टोकाकडे लहान होत गेलेले. शेवटच्या दात्यालाही धार होती. चिरडेल म्हणून ज्याला आम्ही चिमटीत धरायलाही घाबरतो, त्या जिवाच्या आत, अंधारात, कुणी न बघता हे इतकं नेटकं घडवलेलं होतं.

मग खाचरातला नर घेतला. त्यालाही दाते होते, पण थोडे, जाड, आणि फक्त खालच्या अर्ध्यात. वरचा दांडा मोकळा.

मी साहेबांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला, खूप वेळ लावून ठेवला. "मला धुकंच दिसतं," ते म्हणाले. मग हळूच, "बाई, मला दोन हव्या आहेत म्हणून तुम्हाला दोन दिसत नाहीत ना?"

प्रश्न रास्त होता. मी काकूंना हाक मारली. खाचरातले आणि गवतातले, आगरदांड्याचे, बोर्लीचे, अलिबागचे, सगळे तयार तुकडे मी काचेच्या वाट्यांत ठेवले आणि लेबलं काकूंच्या स्वाधीन केली. त्यांनी लेबलं वाट्यांखाली उलटी घातली, वाट्यांची उलथापालथ केली आणि पदर खोचून पंचासारख्या उभ्या राहिल्या. मी एकेक वाटी बघून फक्त दाते कसे आहेत ते सांगायचं, काकूंनी लेबल वाचायचं.

"दाटीचे, टोकापर्यंत."

"गवत, बोर्ली."

"जाड, अर्ध्यापर्यंत."

"भात, आगरदांडा."

साहेब खुर्चीच्या पाठीला धरून ऐकत होते. एकही वाटी चुकली नाही. शेवटीशेवटी काकूंचा आवाजही खाली आला होता. "अगबाई," त्या म्हणाल्या, "एवढ्याशा जिवात?" मी त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. त्या बघत राहिल्या आणि उठताना त्यांनी नकळत हात जोडले.

बाहेरून आम्ही सगळे फसलो होतो. रेघा बघून, ठिपके मोजून. खाचर आणि बांध यांत एका पावलाचं अंतर. हे दोन जीव तिथे शेजारीशेजारी किती काळ राहत आले असतील, आणि जोडी जमवताना त्यांचं आपसात कधीच चुकलेलं नव्हतं.

पण ज्यांनी हे इतकी वर्षं म्हटलं त्यांनाच ते दिसत नव्हतं. मी खडू घेतला. खोलीतली टेबलं भिंतीकडे सारली आणि फरशीवर दोन्ही दांडे काढले, भिंतीपासून दारापर्यंत, प्रत्येक दाता हातभर. साहेबांनी चपला काढल्या. ते वाकून, छत्रीचं टोक एकेका दात्यावर टेकवत एका बाजूने गेले, दुसऱ्या बाजूने परत आले.

"टोकाजवळचा हा आत वळलाय?"

"हो."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत, साहेब."

ते दोन आकृत्यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत उभे राहिले, एकदा इकडे, एकदा तिकडे बघत. त्यांचे ओठ हलत होते. काकू चहाची कपबशी हातात घेऊन दारातच थांबल्या, आत यायचं तर खडूवर पाय पडला असता.

"लिहून घ्या," साहेब म्हणाले. "जाती दोन."

मी लिहून घेतलं. त्यांनी आपली जुनी चित्रं फाडली नाहीत. वर 'सदोष' असं लिहून फायलीत लावायला दिली. पुण्याला गेलेल्या कागदाबरोबर माझी चित्रं गेली, आणि या वेळी तो परत आला नाही.

जाती दोन ठरल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कचेरीत पोचले तेव्हा नरांच्या सगळ्या बाटल्या माझ्या टेबलावर रांगेने मांडलेल्या होत्या. शेजारी साहेबांच्या सुया, धुतलेल्या. साहेब माझ्या जुन्या जागेवर बसून पंखांची लेबलं डोळ्यांजवळ धरून चिकटवत होते. "बाई," ते मान वर न करता म्हणाले, "आजपासून शेवटचा भाग तुमच्याकडे."