सानिकाचा पहिला घास

धैर्यशील हे नाव असलेल्या माणसाकडून लोक उगाच काहीबाही अपेक्षा ठेवतात. विट्याच्या धैर्यशीलनं त्या लहानपणापासून अगदी शांतपणे मोडत आणल्या होत्या. सरकारी बँकेत अधिकारी म्हणून लागला, अकोला, भोपाळ अशा बदल्या घेत लखनौला पोचला. वरच्या साहेबानं आवाज चढवला की खालमानेनं ‘जी सर, बिल्कुल सर’ म्हणण्यात त्यानं प्रावीण्य मिळवलं होतं. शाखेतली माणसं त्यालाच तहजीब, म्हणजे लखनवी अदब, समजली आणि त्याला मान देऊ लागली. जानकीपुरममध्ये भाड्याचा वरचा मजला, खाली मालक, गच्चीत माकडं. संसार मार्गी लागला होता.

मग सानिका झाली, आणि धैर्यशीलच्या लक्षात आलं की या घरात आपल्याला काम उरलेलं नाही. दूध पाजायचं ते शर्मिष्ठानं. अंघोळ घालायला मालिशवाली यायची, ती त्याला ‘भैया, ज़रा हटिए’ एवढंच म्हणायची. त्याची आई सव्वा महिना राहून गेली. तिच्या लेखी तो गरम पाण्याची बादली उचलणारा इसम होता. बापाकडे जे येतं ते धरायला येतं: टॉवेल धर, बाटली धर, पिशवी धर, आणि बाळ रडायला लागलं की इकडे दे.

बाप झाल्याबद्दल मिळालेल्या रजेत त्यानं ओटीजी घेतला, म्हणजे ती छोटी विजेची भट्टी, आणि पाव भाजायला शिकायला लागला. शीरमाल आणि कुलच्यांचे तंदूर जिथं पिढ्यान्‌पिढ्या धगधगताहेत, त्या शहरात विट्याच्या माणसानं मोबाइलवर बघून गव्हाचा पाव करणं हे धाडसच म्हणायचं. पहिला पाव दाराला अडसर म्हणून लावता आला असता. पण पुढंपुढं जमू लागलं. फ्रिजमध्ये बरणीत त्यानं आंबवणाचं पीठ जोपासलं होतं. रोज त्याला थोडं ताजं पीठ-पाणी द्यावं लागे. सुट्टीच्या दिवशीही तो आधी त्याच्याकडे बघायचा.

‘घरात दोन तान्ही आहेत,’ शर्मिष्ठा म्हणायची. ‘एकीला मी पाजते, एकाला तू. तुझं रात्री रडत नाही एवढाच फरक.’

तो हसायचा. पण पोरीला दात येतील, ती खायला लागेल आणि आपल्या हातचा पाव मागेल, हे त्याच्या डोक्यात कधीचं घोळत होतं. तेव्हा ‘इकडे दे’ म्हणणारं कुणी नसेल.

मधे एक माणूस होता. जयसिंग. शर्मिष्ठाचा थोरला भाऊ, कवठेमहांकाळकडच्या एका शाळेत पीटीचा मास्तर. आईवडील लवकर गेले, तेव्हा यानंच बहिणीला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. स्वतःचं करायचं राहून गेलं. बारशाला त्याला येता आलं नाही, शाळेच्या स्पर्धा होत्या. तेव्हा फोनवर, मैदानावर बोलल्यासारखं तो बोलला होता:

‘दाजी, बारसं तुम्ही उरका. पण उष्टावण माझं. पहिला घास मामाचा. तवर पोरीच्या तोंडात दुधाबिगर काय घालायचं नाही. शर्मे, ऐकतीस न्हवं?’

‘ऐकतेय दादा. डॉक्टरही तेच म्हणतात.’

‘डॉक्टरचं ऱ्हाऊ दे, मी सांगतोय.’

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायचं, म्हणून सातवा ठरला. सहा महिने पुरे झाल्यावर डॉक्टरांनी आता वरचं सुरू करा म्हणून सांगितलं, पण जयसिंगची रजा आणि रिझर्वेशन जमायला अजून अवधी होता. थोडे दिवस थांबू, असं शर्मिष्ठा म्हणाली. थांबायला कुणाची हरकत नव्हती.

रविवारी संध्याकाळी ही मंडळी अलीगंजच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जायची. तान्ह्या बाळाबरोबर बाहेर जेवणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. एकानं जेवायचं, दुसऱ्यानं बाळ घेऊन टेबलांच्या मधून फिरायचं. पनीर थंड झालं की पाळी बदलायची. तिथले पिंटू भैया, पन्नाशीचे वेटर, या मंडळींसाठी भिंतीजवळचं टेबल राखून ठेवायचे आणि नान एकदम न आणता एकेक आणायचे. बाळंतिणीचा नवरा किती वेळात काय गिळतो याचा त्यांना अंदाज आला होता.

अशाच एका रविवारी धैर्यशीलनं पिशवीतून आपला पाव आणला होता. त्या सकाळी तो फारच जमला होता. वरचं कवच खुसखुशीत, आतून जाळीदार. दाल मखनीबरोबर कसा लागतो ते बघावं एवढीच इच्छा. शर्मिष्ठा हात धुवायला गेली होती, सानिका त्याच्या मांडीवर होती. त्यानं फडकं सोडून एक तुकडा मोडला तोच पिंटू भैया समोर उभे. त्यांच्या मागं भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती: बाहर का खाना मना है.

‘साहब, ये तो…’ पिंटू भैया संकोचून म्हणाले. ‘मालिक बैठे हैं काउंटर पर.’

‘बच्ची के लिए है,’ धैर्यशील म्हणाला.

बँकेत तो अशा छोट्या गोष्टी दिवसभर बोलायचा आणि त्या तिथंच विरून जायच्या. ही विरली नाही. पिंटू भैयांचा चेहरा एकदम खुलला. ‘अच्छा, बिटिया खाने लगी! तब तो कोई बात नहीं. खिलाइए, खिलाइए.’ आणि ते हात बांधून, बघत उभे राहिले.

आता खोटं ठरायचं नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे नाही म्हणायला वाव होता. ‘थोडी देर में’ म्हणता आलं असतं. पाव पिशवीत घालता आला असता. पाव म्हणजे काही अन्न नव्हे, चाखणं म्हणजे काही खाणं नव्हे, असाही एक युक्तिवाद त्याच्या डोक्यातून झरकन गेला, आणि बँकेतल्या नोकरीनं त्याला असले युक्तिवाद पुरे करायची सवय लावली होती. त्यानं आतला मऊ भाग चिमटीत घेतला, पाण्यात बुडवला आणि पोरीच्या ओठांना लावला. तिनं तो आत ओढून घेतला.

‘वाह,’ पिंटू भैया म्हणाले, आणि नान आणायला गेले.

शर्मिष्ठा परत आली तेव्हा त्यानं पोरीची हनुवटी पुसली होती.

‘काय झालं?’

‘काही नाही. लाळ.’

जयसिंग आला तो दोन गाड्या बदलून, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात बेदाण्यांची पिशवी घेऊन. खिशात, रुमालात गुंडाळलेली आईची सोन्याची अंगठी. तीच खिरीत बुडवून त्याच्या आईनं शर्मिष्ठाचं उष्टावण करवून घेतलं होतं. आल्याआल्या सानिकानं त्याच्या शिटीच्या दोरीला हात घातला आणि सोडेना. त्यानं ती दोरीच तिला देऊन टाकली. आता मी रिटायर झालो म्हणाला.

खीर शर्मिष्ठानं केली. केक धैर्यशीलनं, बिनअंड्याचा. मालकीणबाई अंडं खात नसत आणि त्यांना बोलावलं होतं. जयसिंग पाटावर बसला, पोरीला मांडीवर घेतली, अंगठी खिरीत बुडवून तिच्या ओठांपाशी नेली. शर्मिष्ठा मोबाइलवर व्हिडिओ घेत होती.

‘आता बघा गंमत,’ जयसिंग म्हणाला. ‘पहिल्यांदा चव लागली की पोरं काय तोंड करत्यात! आमची शर्मी तर असं बघाय लागली आईकडं, जणू कुणी थोबाडीत मारलीया.’

सानिकानं तोंड उघडलं, अंगठीवरची खीर चोखली आणि पुन्हा तोंड उघडलं. जुन्या गिऱ्हाइकासारखं.

जयसिंग थोडा थांबला. दुसऱ्यांदा चाटवलं. तिसऱ्यांदा चमच्यानं. पोरगी शांतपणे खात होती.

‘लई हुशार हाय,’ तो शेवटी म्हणाला. ‘तोंड वाकडं म्हणून केलं नाही.’

‘मामाचा हात ओळखला तिनं,’ शर्मिष्ठा म्हणाली.

‘हां. तसंच असंल.’ तो हसला. धैर्यशील केक कापायला सुरी आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि धुतलेलीच सुरी पुन्हा धुवायला लागला.

संध्याकाळी दादाला बाहेर जेवायला न्यायचं ठरलं. धैर्यशीलनं हजरतगंजचं नाव काढलं, मग गोमतीनगरचं.

‘अहो, बाळाला घेऊन एवढ्या लांब कशाला?’ शर्मिष्ठा म्हणाली. एरवी ती त्याला ‘तू’ म्हणायची. भावासमोर ‘अहो’ व्हायचं. ‘आपलं अलीगंजच बरं. दादा, तिथले वेटर फार चांगले आहेत. आपल्या सानूचे लाड करतात.’

धैर्यशील रिक्षा बघायला खाली गेला.

पिंटू भैयांनी टेबल पुसलं, पाणी ठेवलं, मामांची ओळख झाल्यावर हात जोडले. मग सानिकाचा गाल कुरवाळत म्हणाले, ‘आज बिटिया की ब्रेड नहीं लाए, साहब? उस दिन तो बड़े चाव से खा रही थी.’

‘कौन सी ब्रेड?’ शर्मिष्ठानं विचारलं.

‘अरे वही, घर वाली. आप हाथ धोने गई थीं न मैडम, पिछले महीने. पहले तो हम टोक दिए साहब को, फिर देखे कि बच्ची के लिए है…’ मग त्या टेबलावर काहीतरी बिघडलंय हे त्यांच्या लक्षात आलं. ते मेन्यूकार्ड सरळ करून निघून गेले.

शर्मिष्ठानं सानिकाला आपल्याकडे ओढून घेतलं. जयसिंग ग्लासावरचं पाणी बोटानं पुसत होता.

‘पाव व्हता?’

‘हो, दादा.’

‘तुम्ही केल्याला?’

‘हो.’

जयसिंगनं मान हलवली. ‘मग बरंय. बाजारचं काय नव्हतं. घरचंच व्हतं.’ आणि नान येईपर्यंत तो भाचीला चमचा वाजवून दाखवत राहिला, एका लयीत, कवायतीच्या. नंतर जेवलाही नीट. दाल मखनी फार चांगली झाली आहे असं दोनदा म्हणाला. त्यानं आरडाओरडा केला असता तर धैर्यशीलला घरी जाऊन झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंग अंघोळीला गेला होता तेव्हा शर्मिष्ठा ओट्याशी आली. आवाज खाली होता.

‘तुम्ही मला सांगायला हवं होतं.’

दादा बाथरूममध्ये होता, नळ सुटलेला होता, तरी ‘तुम्ही’. ते धैर्यशीलच्या ध्यानात आलं.

‘सांगणार होतो. तू चिडली असतीस.’

‘चिडले असते. मग सावरलं असतं. पिंटू भैयांना आधी सांगून ठेवलं असतं, दुसरीकडे जेवायला गेलो असतो. दादासाठी आयुष्यभर खोटं बोलले असते मी. आता तेही करता येत नाही.’ तिनं पोहे निथळत ठेवले. ‘त्यानं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही हो. लग्नातली साडीसुद्धा माझ्याच पसंतीची घेतली. हे एक मागितलं होतं.’

‘शर्मी, पाव तो… मुद्दाम नव्हतं.’

‘होतं,’ ती म्हणाली. रागावून नाही, सहज. तो काय खातो आणि काय टाकतो हे तिला जसं ठाऊक होतं, तसंच हेही. ‘तुम्हालाच पहिलं व्हायचं होतं. कधीतरी, कशात तरी. मला कळत नाही असं नाही. पण आपली पोर होती ती, रोज भरवता आलं असतं तुम्हाला. पुढचे सगळे घास तुमचेच होते.’

नळ बंद झाला. ती पोहे परतायला लागली.

जयसिंगला चारबागला सोडायला धैर्यशील एकटाच गेला. गाडी फलाटाला लागलेली होती. जयसिंगनं बॅग बर्थखाली सारली, खिडकीशी बसला. धैर्यशील बाहेर उभा. माफी मागायची म्हणून तो रस्ताभर वाक्य जुळवत आला होता, आणि आता ते बँकेच्या पत्रासारखं वाटत होतं.

‘दादा, माझ्याकडून…’

‘सोडा हो,’ जयसिंगनं हात उडवला. मग थोडा वाकून, गजांना नाक लावून म्हणाला, ‘एक इचारू? राग न्हाई न्हवं? तोंड कसं केलं तिनं? त्या टायमाला. पहिल्यांदा.’

धैर्यशील उत्तर द्यायला गेला, आणि त्याला काही सापडेना. चिमटीतल्या पावाची जाळी आठवत होती, चांगली उठलेली. पिंटू भैयांचं तोंड आठवत होतं. त्यांना पटलंय की नाही हे तो बघत होता. हात धुवायच्या जागेकडचा दरवाजा आठवत होता. पोरीचं डोकं त्याच्या छातीशी होतं, तोंड पलीकडे. त्यानं बघितलंच नव्हतं. म्हणजे ते कुणीच बघितलं नव्हतं, एक पिंटू भैया सोडले तर; आणि त्यांना ते काय आहे हे माहीत नव्हतं.

‘असं,’ तो म्हणाला. त्यानं डोळे बारीक केले, ओठ मुरडले, मान थोडी मागं नेली आणि अंगाला एक झटका दिला. शेजारच्या खिडकीतली बाई बघायला लागली.

जयसिंग मोठ्यानं हसला. ‘आरं तिच्या! तसंच म्हणतोय मी. शर्मीचं तोंड ते. आता गावाकडं काकूला सांगायला झालं.’ त्यानं डोळे पुसले. ‘परत एकदा करा की, दाजी. नीट बघून घेतो.’

गाडी हलली होती. धैर्यशील तिच्याबरोबर चालत पुन्हा तोंड करू लागला. आधी काय केलं होतं ते त्याला नेमकं आठवेना. या वेळी डोळे मोठे झाले आणि मान पुढं गेली. जयसिंग बघत होता. त्याचं हसू जरा मावळलं, मग त्यानं ते परत आणलं.

‘हां,’ तो म्हणाला. ‘असंच असंल.’ आणि पायातल्या चपला काढून त्यानं पाय वर घेतले.