वैशालीची मर्जी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वैशालीला नाही, देवापुढेसुद्धा नाही. वहीत लिहिते, कारण तुम्ही मला दिसत नाही — समोर माणूस असलं की माझी जीभ उचलत नाही.

माझं शिक्षण चौथी. आटपाडीहून शिरवळला आलो, नवरा वारला, मुलगी वैशाली इथल्या कंपनीत लागली. मी एका मॅडमकडे स्वयंपाक करते. त्या प्रबंध लिहीत होत्या. दुपारी मी कणीक मळायला घेतली की एकेक पान मला सोपं करून सांगायच्या. तुम्हाला कळलं तर मलाही कळलं, म्हणायच्या.

मला कळलं ते असं. जुने उदारमतवादी अर्थशास्त्रवाले म्हणायचे, ज्याचं हित त्यालाच कळतं. बाजार मोकळा ठेवा, खुशीने सौदा झाला की दोघांचं भलं. मग उत्तर-आधुनिक म्हणवणारे आले. ते म्हणाले, सगळ्यांना लागू पडेल असं एक मोठं सत्य नसतंच. ज्याची त्याची गोष्ट, ज्याचं त्याचं सत्य. मॅडमचं म्हणणं — हे वरवर भांडतात, पण आतून भाऊबंदच. दोघंही एकट्या माणसाच्या मर्जीपाशी येऊन थांबतात. त्या मर्जीच्या आधी काय घडलं, कुणी विचारत नाही.

मी कणीक मळत राहिले.

त्यांना उदाहरण हवं होतं, म्हणून वैशालीला बोलावलं. बारावीला चांगले मार्क असून कंपनीत का गेलीस, कुणी भाग पाडलं का? वैशाली हसली. "न्हाई वं मॅडम. नर्सिंगला नंबर लागला न्हाई. कंपनीची बस दारात येती. माझीच मर्जी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "व्हय. तिचीच मर्जी."

नंबर लागला होता.

सांगलीच्या नर्सिंग कॉलेजातून फोन आला तेव्हा ती दळण आणायला गेली होती. घरात फोन एकच, माझ्या हातात. एक बाई म्हणाल्या, वैशालीचं नाव यादीत आलंय, शनिवारपर्यंत कागद घेऊन या. मी म्हणाले — ती येणार नाही, तिला नको आहे. एवढ्या धिटाईने मी कधी कुणाशी बोलले होते? शनिवार गेला. ती रोज विचारायची, फोन आला का. मी नाही म्हणून मान हलवायची.

सांगलीला तिला वसतिगृहात राहावं लागलं असतं. मला घरात एकटीने राहायचं नव्हतं. दुसरं काही कारण नाही.

मॅडमनी आधी लिहिलं होतं — कुणीतरी वाटा आधीच बंद करतं, आणि उरलेल्या वाटेला आपण मर्जी म्हणतो. वैशालीचं ऐकून त्यांनी ते खोडलं. तिची गोष्ट तिची आहे, ती खोटी म्हणणारी मी कोण, म्हणाल्या. आणि ती खोटं बोललीच नव्हती — तिला जेवढं माहीत होतं तेवढं ती खरंच बोलली. त्या खोडत होत्या तेव्हा मी दोन हात अंतरावर उभी होते.

परवा शेजारची पोरगी नर्सिंगचा फॉर्म भरायचा म्हणून विचारायला आली. वैशालीने तिला समजावलं, "नगं नादाला लागू. आपल्यासारखीचा नंबर लागत न्हाई तिथं. मी बगितलंय."

मी आतून ऐकलं. तव्यावरची भाकरी उलटली, आणि दुसरी थापायला घेतली.