आईनं धुतलेले खिळे

सेलूच्या एका छापखान्यात माझी आई खिळे जुळवायची. शिशाचं एकेक उलटं अक्षर उचलून ती लग्नपत्रिका उभी करायची. मी परभणीला कॉलेजात असताना अठराव्या शतकातल्या एका इंग्रज मुद्रकाविषयी वाचलं आणि सुट्टीत तिला सांगितलं. तो आधी थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरायचा. पुढं त्यानं स्वतःचे खिळे घडवले, त्यांना शोभेल अशी काळीभोर शाई केली. तो गेल्यावर बायकोनं ते खिळे फ्रान्सला विकले.

आईचा हात थांबला. "इकताना तिला लय जड गेलं आसंल," ती म्हणाली.

काही वर्षांनी ऑफसेटची छपाई आली, खिळ्यांचं काम उरलं नाही आणि मालकानं छापखाना बंद केला. खिळे वितळवायला नेणार होते, त्याच्या आदल्या दिवशी आई रॉकेलमध्ये एकेक खिळा धूत बसली.

"आई, आता कशाला?" मी विचारलं.

"मग काय आशी काळी तोंडं घेऊन धाडू त्यान्ला?"

मी एखादा ठेवून घे म्हणाले, तर ती म्हणाली, "एकटं अक्षर काय करंल गं?"

आई जाऊन बरेच दिवस झाले. मी आता परभणीत संगणकावर पत्रिका करते. त्या इंग्रज मुद्रकाच्या वळणाची अक्षरं त्यात आहेत, इंग्रजी पत्रिकेला मी तीच लावते. आईच्या हातची मात्र एकही पत्रिका माझ्याकडं नाही. सेलूला गेले की जुन्या ओळखीच्या घरी विचारते. "बघून ठेवतो," म्हणतात सगळे.